अमरावती–मुंबई ४० मिनिटांत? तिकीट काढण्याआधी हे वाचा

दर्यापूर, अंजनगाव, परतवाड्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय : "अमरावती–मुंबई हवाई अंतर ५५० किमी, विमानाचा वेग ताशी ८००. म्हणजे ४० मिनिटांत मुंबई! नागपूरला जायची गरज संपली. सकाळी जा, काम करून संध्याकाळी घरी या." यावर विसंबून लोक पेशंटच्या तपासणीच्या तारखा घेऊ लागले, तर हाल त्यांचेच होतील.

अंतर बरोबर आहे. बेलोरा म्हणजे अमरावतीचं विमानतळ; तिथून मुंबई सरळ रेषेत साधारण तेवढंच भरतं.

वेग मात्र चुकलाय. ताशी ८०० हा जेटचा वेग. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून सुरू झाली ती अलायन्स एअरची एटीआर ७२, पंख्यांचं विमान. वर गेल्यावर ते ताशी ५०० च्या आसपास चालतं. म्हणजे नुसता भागाकार केला तरी तासाच्या वर जातं.

आणि भागाकारानं वेळ निघतच नाही. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि मुंबईत जागेवर उभं राहिलं की संपते. मधे धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, चढता-उतरताना कमी झालेला वेग, आणि मुंबईचा खोळंबा. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी कामकाज होत नाही. उतरायला नंबर लागेपर्यंत विमान आकाशात फिरत राहतं. हे सगळं धरूनच बेलोऱ्याच्या सुरुवातीच्या वेळापत्रकात पावणेदोन तास दिले होते. उलट नागपूर–मुंबई अंतर जवळपास ६९० किमी, तरी तिथलं जेट दीड तासाच्या आसपास पोचतं. अंतर जास्त, वेळ कमी! त्यामुळे "नागपूरची गरज संपली" हे सरसकट सांगणं चूक आहे.

"संध्याकाळी घरी" हे तर अजिबात जमणारं नव्हतं. सेवा सुरू झाली तेव्हा विमान आठवड्यातून तीनच दिवस होतं. दुपारी मुंबईहून यायचं आणि तेच माघारी जायचं.

विमानतळ आपल्या भागाला हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण धारणीच्या माणसाचा प्रवास बेलोऱ्याला सुरू होत नाही. मेळघाटातून परतवाडामार्गे अमरावती गाठायलाच साडेतीन-चार तास, मग यवतमाळ रस्त्यानं विमानतळ, तिथे काउंटर बंद व्हायच्या आत पोचणं, मुंबईत उतरल्यावर परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलपर्यंत ट्रॅफिक. दिवस गेलाच.

टाटा हॉस्पिटलची सकाळची तारीख असेल तर आधी त्या दिवशी विमान आहे का आणि किती वाजता, ते बघा. नसेल तर संध्याकाळची अमरावती–मुंबई एक्स्प्रेस धरा. ती पहाटे दादरला सोडते, तिथून परळ जवळच आहे.