सावकार पूर्वज शोधताय? मग तो फॉरवर्ड बाजूला ठेवा

कुटुंबांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा सारांश असा: पूर्वज सरदार असतील तरच इतिहास सापडतो, व्यापारी-सावकारांच्या नोंदी कोणी ठेवल्याच नाहीत, ज्या होत्या त्या पेशव्यांच्या दफ्तरासोबत जळाल्या, नाहीतर इंग्रजांनी लंडनला नेल्या. तेव्हा सरळ नाशिकला, यात्रेकरूंच्या वंशावळी वह्यांत लिहिणाऱ्या उपाध्यायांकडे जा, सात पिढ्या तयार मिळतील. आणि आडनाव-गोत्र जुळलं की घराणं एकच समजा.

पहिला मुद्दा, नोंदी ठेवल्याच नाहीत. खरं तर उलट आहे. शिपाईगडी कागदावर येतो तो मोहीम असली तर. पैसेवाला माणूस वर्षभर येत राहतो. त्याच्या मालाला जकात, दुकानाला मोहतर्फा (धंद्यावरचा कर), पेठेतल्या घराच्या जागेचा वाद, थकलेल्या कर्जाचा तंटा, सरकारने कर्जफेडीपोटी एखाद्या परगण्याच्या वसुलावर दिलेली वरात (म्हणजे तिथून पैसे घेण्याची चिठ्ठी), या सगळ्याचे कागद होतात. पेशवाई तर कर्जावरच चालायची. अडचण एवढीच की ही नोंद सावकाराच्या नावाने लावलेली नसते. पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, लागले आहेत ते शाहू दफ्तर, घडणी, जमाव, प्रांत अजमास अशा वर्गवारीने. तिथे जाऊन ‘आमच्या आडनावाचं काही आहे का’ विचारलं तर नाहीच म्हणणार, दुसरं काय? ज्याला कर्ज दिलं त्याचा प्रांत, ज्या पेठेत दुकान होतं ती पेठ, ज्या गावची सनद होती ते गाव, असं उलट्या बाजूने शिरावं लागतं.

खुद्द व्यापाऱ्यांचे कागद उरतात ते निराळेच. पणजीच्या म्हामय कामत घराण्याचा पत्रव्यवहार आणि हिशेब पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. कागद मोडी मराठीत आहेत, पोर्तुगीजमध्ये आहेत, फ्रेंचमध्येही आहेत, कारण घराण्याचे व्यवहार त्या त्या लोकांशी होते. मुंबईत नशीब काढायला गेलेल्यांसाठी १७९८ ला सुरू झालेलं रेकॉर्डर्स कोर्ट आणि त्यानंतरची न्यायालयं आहेत. मृत्युपत्र, वाटणीचा दावा, दिवाळं. १८६५ च्या शेअरबाजाराच्या पडझडीत बुडालेल्यांनी तर मागे बराच कागद ठेवला. घराण्याच्या कहाणीत दिवाळं कोणी सांगत नाही, म्हणून तिथे कोणी बघतही नाही.

दुसरा मुद्दा, जळालं किंवा नेलं. शनिवारवाड्याला १८२८ मध्ये मोठी आग लागली, हे खरं. पण पेशवे दफ्तर आजही पुण्यातच आहे, त्याच पुराभिलेखागाराच्या १८९१ मध्ये बांधलेल्या इमारतीत, सुमारे ३९ हजार रुमालांत. लंडनला जे आहे ते मुख्यतः ईस्ट इंडिया कंपनीचं स्वतःचं दफ्तर. सुरतेच्या वखारीची पत्रं त्यातलीच, आणि सुरत-मुंबईच्या दलालांची नावं त्यांत भरपूर सापडतात. इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून ४५ भागांची निवड १९३० पासून छापली. ती पाहून ‘दफ्तर पाहिलं, काही नाही’ म्हणणारेही भेटतात. त्या निवडीचा भर राजकारणावर होता. तुमच्या किराणा-कापडवाल्या खापरपणजोबांसाठी ती केलेली नव्हती.

तिसरा मुद्दा, उपाध्यायांच्या वह्या. या नामावळी मोलाच्या आहेत, मीही लोकांना तिकडे पाठवतो. पण त्यांत लिहिलं गेलं ते यात्रेला जो आला त्याने सांगितलं म्हणून. जो आलाच नाही त्याची शाखा नाही. लेकी बहुधा नाहीत. वही जीर्ण झाली की नवीत उतरवली जाते आणि उतरवताना दोन रामाजींचा एक रामाजी होऊ शकतो. दत्तक मुलगा सरळ मुलगा म्हणून लागतो, आणि मिळकत सांभाळायची असल्यामुळे सावकारी घरांत दत्तक फार. म्हणून नामावळीतली पिढी कर्जखताशी ताडून बघायची.

आणि इथे हमखास पाय घसरतो तो सालात. समजा खतावर ‘शके १६९२ विकृतिनाम संवत्सरे’ आहे आणि दुसऱ्या कागदावर ‘इहिदे सबैन मया व अलफ’. दुसरं म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७१. पुष्कळ जण याला हिजरी समजून १७५७-५८ काढतात. पण मराठी दफ्तरातलं हे सुहूर सन, म्हणजे अरबी आकडे वापरणारी वेगळी कालगणना, मृगाला बदलणारी; त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. १७७०-७१ येतं. शके १६९२ चंही तेच. म्हणजे दोन्ही कागद एकाच सुमाराचे असताना हिजरीच्या नादाने तेरा वर्षांचा फरक पडला, आणि वंशवृक्षात बापाच्या मुंजीआधी मुलगा कर्ज देऊ लागला! असे वृक्ष लॅमिनेट करून भिंतीवर लावलेले आहेत.

राहिलं आडनाव-गोत्र. चित्पावनांत गोत्रंच मुळात चौदा, तेव्हा ती जुळण्यात नवल काय? आडनावाचं विचाराल तर तीन जोशी घ्या. पेशव्यांना कर्ज देणारे, १७४० मध्ये रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी ज्यांचं नाव पुढे केलं ते बाबूजी नाईक बारामतीकर मूळचे जोशी. पुण्याची रविवार पेठ वसवणारे महाजन व्यवहारे जोशी. आणि इचलकरंजीचे नारो महादेव, हेही जोशीच, पण आपल्या धन्याचं, कापशीच्या घोरपड्यांचं, नाव घेऊन घोरपडे झाले. फॉरवर्डच्या हिशेबाने पहिल्याला नाईकांत शोधायचं, तिसऱ्याला कापशीच्या मराठा घोरपड्यांच्या वेलीवर चढवायचं आणि उरलेल्याला गावातल्या भिक्षुक जोशांचा भाऊबंद ठरवायचं. कागदात ‘नाईक’, ‘शेट’, ‘महाजन’ दिसलं तर तो मान किंवा हक्क असू शकतो. त्यापेक्षा मूळ गाव, कुलदैवत, वतन आणि खतावरच्या साक्षीदारांची नावं टिपा. साक्षीला भाऊबंद आणि शेजारी असत, आणि एकाच माणसाची साक्ष तीन-चार खतांवर दिसली की तो कोणाचा कोण हे पुष्कळदा तिथेच उलगडतं.