'गेम खेळून झालेले सर्जन': त्या फॉरवर्डला उत्तर

सिडकोतल्या माझ्या मावशीने कानाच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली. कारण एक व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड. सोसायटीच्या, भजनी मंडळाच्या, माहेरच्या, सगळ्या ग्रुपवर तो फिरतोय. आजकालचे कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणे संगणकावर गेम खेळून ऑपरेशन शिकतात आणि पहिला खरा वार तुमच्यावर करतात. जुने डॉक्टर थेट माणसावर शिकले, म्हणून ते निष्णात. हा सगळा मशीन विकणाऱ्या कंपन्यांचा धंदा. तेव्हा ऑपरेशन टाळा, कानात लसणाचं तेल सोडा. मी स्वतः ईएनटी सर्जन आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी 'गेम'बद्दल. मास्टॉइडच्या ऑपरेशनमध्ये कानामागचं हाड ड्रिलने कोरावं लागतं. त्याच हाडातून चेहऱ्याची नस जाते, वर मेंदूचं आवरण असतं, मागे मोठी शीर. ड्रिल घसरलं तर चेहरा कायमचा वाकडा होऊ शकतो. म्हणून रेसिडेंट, म्हणजे सर्जन व्हायचं शिक्षण घेणारा डॉक्टर, हे काम आधी मृतदेहाच्या हाडावर शिकतो, सूक्ष्मदर्शकाखाली, पाण्याची धार सोडत. देहदानातून मिळणारी हाडं पुरत नाहीत, म्हणून सीटी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली हाडं आणि संगणकावर ऑपरेशनची हुबेहूब नक्कल करणारे सिम्युलेटर आले. डेन्मार्कमध्ये तयार झालेला 'व्हिजिबल इअर सिम्युलेटर' तर फुकट मिळतो. त्यानंतरही लगेच सुरी हातात येत नाही. आधी सरांना असिस्ट करायचं, मग सर शेजारी उभे असताना एकेक टप्पा. आपल्या नाशिकमधल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची एमएस ईएनटी तीन वर्षांची आहे, ती काय उगाच?

आता 'जुने डॉक्टर थेट माणसावर शिकले'. लिहिणाऱ्याने या वाक्याचा अर्थ तरी लावून पाहिला का? कोणत्या माणसावर? सरकारी दवाखान्याच्या रांगेत बसलेल्या, प्रश्न विचारायची हिंमत नसलेल्या पेशंटवरच ना? श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेलं दोन वर्षांचं पोर टेबलावर येतं, ओठ निळे पडत असतात. दुर्बीण आत घालून तो दाणा चिमट्यात धरायचा सराव डॉक्टरने पुतळ्यावर केलेला असावा, की त्या पोरावरच करावा? मला या मुद्द्याचा सगळ्यात जास्त संताप येतो.

पुरावा हवा असेल तर येल विद्यापीठातला 2002 सालचा अभ्यास बघा. 16 रेसिडेंट होते. काहींना नेहमीच्या शिक्षणासोबत सिम्युलेटरवर सराव दिला, बाकीच्यांना फक्त नेहमीचं शिक्षण. मग सगळ्यांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय दुर्बिणीतून सोडवलं. सराव केलेल्यांनी ते काम 29 टक्के लवकर उरकलं. सराव नसलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. पित्ताशय म्हणजे कान नव्हे, कबूल. पण पडद्यावर बघत हात चालवायची कसरत सायनसच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनातही असतेच.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. सिम्युलेटरवर खऱ्यासारखं रक्त येत नाही, प्लास्टिकचं हाड ड्रिलखाली वेगळं लागतं, आणि नुसत्या सिम्युलेटरवर कुणी सर्जन होत नाही. कंपन्या नफा कमावतात हेही खरं. औषधांच्या, चष्म्यांच्याही कमावतात.

राहिलं लसणाचं तेल. कानाच्या पडद्याला भोक असलं तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं. मावशीला आहे तो कोलेस्टिॲटोमा, म्हणजे कानात आत वाढत जाणारी कातडी. ती आजूबाजूचं हाड खात जाते आणि कोणत्याही थेंबांनी जात नाही. ऑपरेशन करून काढावीच लागते. ती राहू दिली तर मेंदूत पू होऊ शकतो. घरात कुणाचा कान घाण वास मारत वाहत असेल तर ईएनटी डॉक्टरांना दाखवा. सोबत चक्कर, ताप, जोराची डोकेदुखी किंवा चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा दिसला तर त्याच दिवशी दाखवा, रात्र असली तरी.