घोडा नव्हे, खेचर

‘अशक्य हा शब्द माझ्या शब्दकोशात नाही’वालं पोस्टर आता जुनं झालं. सध्या नेपोलियनवर नवा मजकूर फिरतोय. सोबत उधळलेल्या घोड्यावरचं ते प्रसिद्ध चित्र. म्हणणं थोडक्यात असं: हुकूमशहा म्हणा हवं तर, पण कलेचा असा आश्रयदाता पुन्हा झाला नाही. चित्रकारांना मोकळीक होती, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते रंगवलं, पॅरिसचं लूव्र संग्रहालय त्यानेच जनतेला खुलं केलं, नाटक-साहित्य त्याच्या छायेत बहरलं. मला हा मजकूर तिसऱ्यांदा आला, तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकावं.

आधी चित्रच घेऊ. मे १८०० मध्ये नेपोलियनने आल्प्सची ग्रँड सेंट बर्नार्ड खिंड ओलांडली ती खेचरावर बसून. लगाम स्थानिक वाटाड्याच्या हातात आणि सैन्याचा मोठा भाग आधीच पुढे गेलेला. चित्रकार जाक-लुई दाविद तिथे नव्हता. नेपोलियन त्याच्यासमोर बसायलाही तयार नव्हता. दाविदने त्या चित्राच्या पाच प्रती केल्या. त्या शेजारी ठेवून पाहा, घोड्याचा रंगसुद्धा एक नाही! खाली डाव्या कोपऱ्यातल्या खडकावर मात्र नीट नजर टाका. बोनापार्टच्या नावाखाली हॅनिबल आणि शार्लमेन ही, त्याच्याआधी सैन्यासह आल्प्स ओलांडणाऱ्यांची, नावं कोरलेली दिसतील. चित्र नेमकं काय सांगायला काढलंय, ते तिथेच लिहून ठेवलंय.

राज्याभिषेकाच्या चित्राची गोष्ट याहून मजेदार. २ डिसेंबर १८०४ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये नेपोलियनने पोपसमोर स्वतःच्या हाताने मुकुट डोक्यावर चढवला. दाविदने आधी तेच रेखाटलं होतं. पण सम्राट स्वतःच स्वतःला मुकुट घालतोय हे कॅनव्हासवर फारच उद्धट दिसलं असतं. म्हणून जवळजवळ दहा मीटर रुंदीच्या अंतिम चित्रात तो पत्नी जोसेफिनला मुकुट घालताना दिसतो. सुरुवातीला पोप हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता. नेपोलियनच्या सांगण्यावरून त्याचा हात आशीर्वादासाठी वर उचलला गेला. आणि मध्यभागी, उंचावर, कौतुकाने पाहत बसलेल्या राजमाता लेतित्सिया? त्या दिवशी त्या रोममध्ये होत्या. मुलाशी बिनसलं होतं, समारंभाला आल्याच नाहीत. घरातली भांडणं रंगाने मिटवायची ही सोय बाकी झकास.

‘चित्रकारांना मोकळीक होती’ यावर आयलाउच्या लढाईचं उदाहरण पुरे. फेब्रुवारी १८०७ मध्ये रशियाशी झालेल्या या लढाईत बर्फात माणसं अक्षरशः कापली गेली. सरकारी बुलेटिनने, म्हणजे युद्धाच्या अधिकृत बातमीपत्राने, फ्रेंचांचे मृत १,९०० आणि जखमी ५,७०० सांगितले. इतिहासकार फ्रेंचांच्या एकूण हानीचे आकडे १० हजारांपासून २५ हजारांपर्यंत देतात. पॅरिसमध्ये कुजबुज सुरू झाली, तेव्हा संग्रहालयांचा प्रमुख विवां दनों याने चित्रस्पर्धा जाहीर केली. विषय, प्रसंग आणि आकार सगळं ठरवून दिलेलं: लढाईच्या दुसऱ्या दिवशी जखमींची विचारपूस करणारा कनवाळू सम्राट. चित्रकार ग्रो जिंकला. पण हा माणूस नुसता भाट नव्हता. चित्राच्या तळाशी, अगदी पाहणाऱ्याच्या अंगावर येतील अशी, त्याने गोठलेली प्रेतं रचली. संगिनीवर साकळलेला बर्फही दिसतो. मागणी पुरी करताना त्याने खरं काय ते तळाशी ठेवून दिलं. हे श्रेय ग्रोचं, गिऱ्हाइकाचं नाही.

लूव्रचं तर मुळातच चुकलंय. ते संग्रहालय १० ऑगस्ट १७९३ ला उघडलं, क्रांतीच्या सरकारने. तेव्हा नेपोलियन तोफखान्यातला एक कॅप्टन होता. त्याने १८०३ मध्ये संग्रहालयाला स्वतःचं नाव लावून घेतलं. संग्रह वाढला हे खरं, दनोंने तो उत्तम मांडला हेही खरं. पण वाढला कशाने? तहात पोपकडून १०० कलाकृती वसूल केल्या, व्हेनिसहून सेंट मार्कचे ब्राँझचे घोडे उतरवून आणले. १८१५ मध्ये घोडे परत गेले. व्हेनिसहूनच आणलेलं चित्रकार व्हेरोनेसेचं ‘काना येथील विवाह’ हे प्रचंड चित्र मात्र अजून लूव्रमध्येच आहे.

राहिलं नाटक आणि साहित्य. मॉस्कोत बसून त्याने पॅरिसच्या कॉमेदी फ्रान्सेज या नाट्यसंस्थेच्या कारभाराचा हुकूमनामा काढला, हे त्याचे चाहते आवर्जून सांगतात. त्याच माणसाने १८०७ मध्ये पॅरिसची नाट्यगृहं आठवर आणली, हे सांगत नाहीत. जानेवारी १८०० मध्ये पॅरिसच्या ७३ राजकीय वृत्तपत्रांपैकी १३ ठेवली, १८११ पर्यंत उरली चार. १८१० मध्ये लेखिका मादाम द स्ताल यांचं जर्मनीवरचं पुस्तक छापून झालं होतं. पोलिसांनी प्रती नष्ट केल्या, बाईंना देशाबाहेर काढलं. कारण काय, तर पुस्तक ‘फ्रेंच नाही’.

‘बुलेटिनसारखा खोटारडा’ हा वाक्प्रचार त्याच्या काळात फ्रेंचमध्ये रूढ झाला. १६ डिसेंबर १८१२ ला पॅरिसच्या सरकारी पत्रात एकोणतिसावं बुलेटिन छापून आलं. रशियात सैन्याची धूळधाण झाल्याची कबुली त्यात होती, दोष सगळा थंडीवर. शेवटचं वाक्य असं: महाराजांची प्रकृती इतकी उत्तम कधीच नव्हती.