सांगशाकचे छत्रीधारी सैनिक विसरायला सांगणाऱ्यांना

डिसेंबर आला की फिरू लागणारा एक संदेश या वेळी माझ्या मावशीच्या फोनवर येऊन पोहोचला. तिचे चुलत सासरे 1944 मध्ये मराठा पलटणीबरोबर मणिपुरात गेले ते परतलेच नाहीत, त्यामुळे हा मजकूर दुर्लक्षून सोडून देणे मला शक्य नाही. संदेशाचे म्हणणे असे: आपल्या छत्रीधारी सैनिकांचा युद्धेतिहास 1971 च्या बांगलादेश युद्धातल्या टांगाईलपासून सुरू होतो, दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यापैकी कोणीही लढताना पडले नाही, आणि त्या युद्धातले हिंदी सैनिक इंग्रजांचे भाडोत्री असल्यामुळे त्यांचे स्मरण करण्याचे कारण नाही, त्यांची नावेसुद्धा कुठे नोंदलेली नाहीत.

टांगाईलचे महत्त्व मान्यच आहे. 11 डिसेंबर 1971 रोजी तेथे उतरलेली 2 पॅरा ही छत्रीधारी पलटण मुळातली मराठा पलटण, आणि तिचा अभिमान आम्हालाही आहे. परंतु 1 मे 1945 रोजी रंगून नदीच्या मुखाशी एलिफंट पॉइंटवर गुरखा छत्रीधारी पलटण विमानांतून उतरली होती, आणि मित्रपक्षाच्याच विमानांचे बॉम्ब अंगावर पडून तिचे काही जवान तेथे मारले गेले. पहिला दावा येथेच संपतो.

‘कोणीही पडले नाही’ हे विधान मात्र संतापजनक आहे. 1941 मध्ये उभारलेली 50 वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या उखरूलच्या परिसरात होती. 152 वी हिंदी आणि 153 वी गुरखा या तिच्या छत्रीधारी पलटणी, आणि पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण तिच्या हाताखाली दिलेली. 19 मार्चला जपानच्या 58 व्या रेजिमेंटने 7378 फूट उंचीच्या टेकडीवर 152 व्या पलटणीच्या एका कंपनीला गाठले. ती कंपनी रात्रभर लढली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यातले अगदी थोडे जण जिवंत बाहेर पडले. उरलेली ब्रिगेड सांगशाक या नागा गावाच्या डोंगरमाथ्यावर एकवटली. तेथे दोन-तीन फूट खणले की खडक लागत असे, मोर्च्यांभोवती लावायला काटेरी तार नव्हती, पाणी तुटपुंजे होते, आणि विमानांतून सोडलेली रसद बहुतांशी जपान्यांच्याच हाती पडत होती. 26 मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम येईपर्यंत ही माणसे तेथून हटली नाहीत. ब्रिगेडची सुमारे 600 माणसे कामी आली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. हे सैनिक त्या वेळी छत्रीने उतरले नव्हते, पायदळासारखे लढले, एवढीच सूट या संदेशाला देता येईल. इंफाळच्या बचावाची फेरमांडणी करण्यास लागणारा मोलाचा वेळ याच ब्रिगेडने मिळवून दिला, असे ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांनी ऑगस्ट 1944 च्या आपल्या खास आदेशात नमूद केले आहे.

राहिला भाडोत्रीपणाचा आरोप. ते परक्या सरकारचे सैन्य होते आणि कित्येक जण पोटासाठी भरती झाले, हे खरे आहे. म्हणून त्यांचे मरण खोटे ठरत नाही.

नावे नोंदलेली नाहीत, हे तर धडधडीत असत्य आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत नाव, पलटण आणि वर्ष घालून कोणालाही शोध घेता येतो. इंफाळच्या दहन स्मारकावर 800 हून अधिक हिंदू व शीख सैनिकांची नोंद आहे, आणि ज्यांची समाधी सापडली नाही अशा सुमारे 27,000 जणांची नावे रंगूनजवळच्या तौक्यान येथील स्मारकाच्या खांबांवर कोरलेली आहेत. संदेश लिहिणाऱ्याने ती नोंदवही एकदा उघडावी, आणि तोवर हा मजकूर अशा सैनिकांच्या घरी पाठवू नये.