ओपन माइकला जाताय? मग ऐकायची चूक करू नका

एखाद्या संध्याकाळी कॉफी हाऊसच्या दारात खडूने लिहिलेली पाटी दिसते, 'आज ओपन माइक, नावनोंदणी सात वाजता', म्हणजे नाव लिहून कुणीही स्टेजवर जाऊन काहीही सादर करायचं, आणि आपल्या आत कित्येक वर्षं गाढ झोपलेला कलाकार खडबडून जागा होतो. होऊ दे. त्याला परत झोपवायच्या भानगडीत पडू नका, घरच्यांनी तो प्रयत्न पुष्कळ करून झालाय. फक्त जायच्या आधी हे वाचून घ्या, कारण मी अशा बऱ्याच संध्याकाळी काढल्यात आणि जे शिकलो ते फुकट वाटतोय, नाहीतरी ओपन माइकमध्ये सगळं फुकटच असतं, कॉफी सोडून.

सुरुवात लिस्टपासून. काउंटरच्या टोकाला एक क्लिपबोर्ड असतो, त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन असतं आणि ते पेन उमटत नसतं. नोंदणी सातला असली तरी तुम्ही साडेसहाला पोचा, म्हणजे तुम्हाला कळेल की बाकीचे सहालाच आलेत. आता लिस्ट नीट बघा. एक ते तीन नंबर कोरे, दहाच्या पुढे कोरं, आणि सहा-सात-आठवर एवढी खाडाखोड की कागद फाटायला आलाय. कारण गणित सगळ्यांनाच माहितीये, पहिला नंबर म्हणजे बळीचा बकरा, त्याच्या वेळी लोक अजून खुर्च्या ओढत असतात आणि त्याच्याच जिवावर साउंड सेट होतो, आणि शेवटच्याला ऐकायला उरतात फक्त होस्ट आणि फरशी पुसणारा मुलगा. तेव्हा मधलाच नंबर हवा. मिळत नसेल तर होस्टला बाजूला घेऊन हळूच सांगा, मला सकाळी लवकर उठायचंय, जरा आधी घ्याल का. होस्ट मान डोलावतो, कारण आज हे वाक्य त्याने नऊ वेळा ऐकलंय. त्या खोलीतलं अख्खं पब्लिक पहाटे उठून नक्की करतं काय हा संशोधनाचा विषय आहे (माझ्यापुरतं सांगतो, मी साडेनऊला उठतो).

सोबत चार मित्र न्या. त्यांची कामं दोनच, तुमचं नाव पुकारलं की ओरडायचं आणि तुमचा आयटम संपला की तुमच्याबरोबर उठून चालू लागायचं. हे उठून जाणं ही वेगळीच कला आहे, ती घाईने होत नाही. पुढच्याने पहिली ओळ म्हणेपर्यंत थांबायचं, मग खुर्ची फरशीवरून करकर सरकवायची, कुणाच्या तरी बॅगेत पाय अडकवायचा आणि 'सॉरी सॉरी' असं कुजबुजायचं, पण कुजबुज अशी की स्टेजवरच्यालाही ऐकू गेली पाहिजे. दारातून एकदम पाच जण जायचं नाही. एकेकाने जायचं, म्हणजे बाहेरच्या ट्रॅफिकचा आवाज पाच हप्त्यांत आत येतो.

वेळ साधारण पाच मिनिटं मिळते, गाणारे असाल तर दोन गाणी. ही पाच मिनिटं कलेत वाया घालवू नका, नमनाला घडाभर तेल हवंच. आधी सांगा की आज काही तयारी करून आलेलो नाही, मग घसा कसा बसलाय ते, मग ही कविता कुठल्या मूडमध्ये सुचली, तेव्हा पाऊस कसा पडत होता, ती कोण होती आणि आता तिचं लग्न झालंय का. मी एकदा चार ओळींच्या कवितेची पावणेचार मिनिटांची प्रस्तावना ऐकलीये आणि खरं सांगू का, प्रस्तावना बरी होती. पोएट्री स्लॅमवाले, म्हणजे कविता म्हणायच्या स्पर्धा घेणारे, या बाबतीत फार रुक्ष. बांधकामावर काम करणारा मार्क स्मिथ नावाचा एक कवी होता, त्याने शिकागोत हा प्रकार सुरू केला, 1986 पासून ग्रीन मिल नावाच्या क्लबात तो रंगायला लागला, आणि पुढे स्पर्धांमध्ये जे नियम रुळले त्यात कवीला 3 मिनिटं, वर 10 सेकंदांची सूट, त्यापुढे गेलात की मार्क कापायला सुरुवात. परीक्षक म्हणजे प्रेक्षकांतून उचललेले पाच जण, त्यातले सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मार्क सोडून द्यायचे आणि उरलेल्या तिघांची बेरीज करायची. म्हणजे तुमच्या मित्राने डोळे झाकून दिलेले दहापैकी दहा पहिल्याच फटक्यात बाद! असल्या ठिकाणी कलाकाराने जावं तरी कशाला. आपलं ओपन माइक बरं, इथे वेळ संपली की होस्ट फक्त मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतो. तो टॉर्च चाहत्यांनी लावलाय असं समजा, हात हलवा आणि म्हणा, 'अजून एक, छोटीशीच आहे.'

आता माइक. बऱ्याच ठिकाणी शुअर कंपनीचा एसएम 58 असतो, डोक्यावर जाळीचा गोळा असलेला, 1966 मध्ये आला आणि तेव्हापासून जवळपास तसाच आहे, कितीही आपटा, चालूच राहतो अशी त्याची ख्याती, म्हणून तुमच्या हातात जो येतो त्याचा गोळा चेपलेलाच असतो. हा माइक समोरचा आवाज घेतो आणि मागून येणारा बराचसा टाळतो, तेव्हा त्याची मागची बाजू स्पीकरकडे ठेवा असं साउंडवाला तुम्हाला सांगेल. ऐकू नका. तो गोळाच मुठीत गच्च आवळा. त्याने माइकचा पुढचामागचा विवेक जातो आणि तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो (चला, खोलीत निदान कुणीतरी ऐकतंय). स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये, तो परत स्पीकरमध्ये, परत माइकमध्ये, असा फिरत फिरत जो चीत्कार निघतो त्याला लार्सन इफेक्ट म्हणतात, सोरेन लार्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून. लोकांनी कानावरचे हात काढले की साउंडवाल्याकडे रोखून बघायचं, बस. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण निघाली तेव्हा साउंड सिस्टिम नव्हती, नाहीतर बिचाऱ्या अंगणाला कुणी नावं ठेवली नसती.

गिटारवाल्यांना मी काय सांगणार, त्यांना सगळं माहीत असतं. तरी एक. क्लिप ट्यूनर म्हणून चिमट्याएवढी वस्तू मिळते, ती गिटारच्या डोक्याला लावली की लाकडातली थरथर पकडते, म्हणजे आजूबाजूला कितीही कालवा असला तरी कोपऱ्यात उभं राहून मिनिटभरात सहाही तारा लावून होतात. पण कशाला? स्टेजवर टुंइंग टुंइंग करताना चेहऱ्यावर जे गांभीर्य येतं ते पुढे अख्ख्या गाण्यात येत नाही. आणि तारा त्याच दिवशी नव्या घाला, त्या ताणत ताणत दर कडव्याला थोड्या थोड्या उतरतात, की परत टुंइंग.

कवींचा खरा वैरी मात्र काउंटरमागे असतो. एस्प्रेसो मशीन साधारण 9 बार दाबाने गरम पाणी कॉफीतून ढकलतं, एक शॉट पडायला 25-30 सेकंद लागतात, इथपर्यंत ठीक आहे, पण मग दूध फेसाळायला वाफेची नळी सोडतात आणि ती बरोब्बर कुठल्या क्षणी सोडायची याचं त्या मशीनला दैवी ज्ञान असतं. कवी डोळे मिटतो, 'आणि मग जाता जाता... तू म्हणालीस...' आणि खुर्र्र्रश्श्श. ती काय म्हणाली ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. एका हुशार कवीने पॉज तसाच धरून ठेवला, मशीन थांबायची वाट बघितली, मशीन थांबलं, त्याने तोंड उघडलं आणि मागून आवाज आला, 'दोन कॅपुचिनो, एक कमी साखर!' टाळ्या पडल्या. त्या कुणासाठी होत्या यावर मतभेद आहेत.

तशी कॉफी हाऊसमधली बडबड ही एके काळी मोठी धोक्याची गोष्ट होती बरं का. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने डिसेंबर 1675 मध्ये सगळी कॉफी हाऊस बंद करायचा फतवा काढला होता, का तर लोक तिथे बसून सरकारबद्दल वाट्टेल ते बोलतात. एवढी बोंबाबोंब झाली की अंमल सुरू व्हायच्या आधीच, जानेवारीत, तो गुपचूप मागे घ्यावा लागला. राजाला भीती ही होती की हे लोक एकमेकांचं ऐकतील. आज त्याला एखाद्या ओपन माइकला आणून मागच्या खुर्चीवर बसवा, निर्धास्त घोरेल.

स्वतः कॉफी किती प्यायची? दोन मग तरी हवेत. हात थरथरतात ते भावनेने असं लोकांना वाटतं. कॅफीनचं प्रमाण रक्तात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे आठला प्यायलात तर रात्री एक वाजता अर्धी कॉफी अजून अंगात असते, आणि ही सोयच आहे, कारण तेव्हा तुम्ही छताकडे बघत तिसऱ्या कडव्यात कुठे अडखळलो त्याची उजळणी करत असता. कविता मोबाइलवरूनच वाचा. कागदाला लॉक पडत नाही, फोन येत नाही, त्यात नाट्य ते काय?

आणि इतरांचे आयटम चालू असताना काय करायचं, हा प्रश्न नवखे लोक फार विचारतात. करायचं काय, आपली कविता मांडीखाली धरून पुटपुटायची. मधून मधून मान वर करून 'वाह' म्हणायचं, कुठे म्हणतोय ते महत्त्वाचं नाही, आयटम संपल्यावर म्हटलं तरी चालतं. टाळ्या मात्र उधारीवर असतात हे लक्षात ठेवा. समोरच्याने तुमच्यासाठी जेवढ्या वाजवल्या तेवढ्याच परत द्यायच्या, तुमचा नंबर अजून यायचा असेल तर थोड्या जास्त, गुंतवणूक म्हणून. अहो रूपम् अहो ध्वनिः हे उंट आणि गाढवाचं असलं तरी ते दोघं निदान एकमेकांकडे बघून बोलत होते. काही ठिकाणी टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवतात. ही पद्धत मला फार आवडते, एका हाताने होते, दुसरा हात स्क्रोल करायला मोकळा.

यातले सगळ्यात करुण प्राणी म्हणजे स्टँडअपवाले. ते नवं मटेरियल ट्राय करायला आलेले असतात आणि समोर अकरा जण बसलेले असतात, त्यातले दहा लिस्टवर. 'काय यार, आज पब्लिक फारच शांत आहे' असं ते म्हणतात. पब्लिक? कुठलं पब्लिक, बाबा? ज्याला तू पब्लिक म्हणतोयस ते चौथ्या नंबरपासून तेराव्या नंबरपर्यंतचे कलाकार आहेत आणि तुझ्या पंचलाइनपेक्षा तुझी पाच मिनिटं कधी संपतात यात त्यांना जास्त रस आहे.

उरतो अकरावा. हा प्रत्येक ओपन माइकला असतो, भिंतीजवळच्या प्लगपाशी, लॅपटॉप उघडून, कानावर मोठे हेडफोन. याला आज ओपन माइक आहे हेच माहीत नव्हतं. खोलीतला एकमेव अस्सल प्रेक्षक हाच, कारण याला स्टेजवर जायचं नाहीये. आणि याचेच कान बंद. याच्यावर वेळ घालवू नका असंच मी सांगितलं असतं, पण गेल्या खेपेला एक प्रकार झाला.

मला पाचवा नंबर मिळाला होता. चौथ्यावर एक बाई होत्या, पन्नाशीच्या असतील, आधी कधी बघितल्या नव्हत्या. त्यांच्या आधीचा गिटारवाला सहा फुटी, त्याने माइकचा स्टँड त्याच्या उंचीला लावलेला, यांना तो खाली कसा करायचा माहीत नसावं, म्हणून त्या टाचा उचलून उभ्या राहिल्या. पर्समधून घडी घातलेला कागद काढला, घड्यांवर पार झिजलेला. नमस्कार नाही, घसा बसलाय नाही, पाऊस नाही. थेट वाचायलाच लागल्या. हे सगळं मला आठवतंय कारण ते वाचायला सुरुवात करायच्या आधीचं आहे. सुरुवात झाल्यावर मी नेहमीप्रमाणे मांडीखालच्या कवितेकडे वळलो, तिसऱ्या ओळीत 'एकांत' ठेवावा का 'एकाकी' यावर माझं अडलं होतं.

मग काहीतरी बिघडलंय असं वाटून मी मान वर केली. शांतता. मशीन बंद, वाफेच्या नळीवर हात ठेवून बरिस्ता तसाच उभा, कुणी खुर्ची सरकवत नव्हतं, केकच्या फ्रिजची घरघर ऐकू येत होती. भिंतीजवळच्याने हेडफोन काढून गळ्यात घातले होते. बाईंनी कागदाची परत घडी घातली, 'इतकंच,' म्हणाल्या आणि टाचा टेकवून खाली उतरल्या. दीड मिनिट झालं असेल नसेल. टाळ्या जरा उशिराच सुरू झाल्या, आणि त्या उधारीच्या वाटत नव्हत्या.

काय वाचलं त्यांनी, हे मी नंतर दोघातिघांना विचारलं. मेसेजवर, कारण मी अर्थातच माझ्या आयटमनंतर चार मित्रांना घेऊन निघालो होतो. त्यांनी सांगितलं ते असं की 'अरे ते सांगण्यासारखं नाहीये, ऐकायला हवं होतं.' बाई शेवटच्या नंबरपर्यंत बसून होत्या म्हणे.

तर मी स्टेजवर गेलो. स्टँड खालीवर करण्यात एक मिनिट काढलं, घसा बसल्याचं सांगितलं, पावसावर आलो. स्टेजवरून भिंतीजवळचं टेबल अगदी स्पष्ट दिसतं. त्याने दोन्ही हातांनी हेडफोन उचलले आणि नीट, आधी उजव्या कानावर, मग डाव्या कानावर बसवले, मी 'एकांत'पर्यंत पोचलोही नव्हतो. म्हणून सांगतो, लिस्टवर नाव लिहिताना आपल्या वरचं नाव कुणाचं आहे तेवढं बघून घ्या.