तारखेसमोर कॅलेंडर द्यायला काय जातं?

ऐन संत्र्याच्या हंगामात, नागपुरातल्या अडतीवर आवक नोंदवायला मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रामचा, म्हणजे अ‍ॅक्सेसचा फॉर्म, आणि तारीख हातानं टाईप करायची! काहून बाप्पा? जुना कॅलेंडर कंट्रोल, म्हणजे फॉर्मवर वेगळा चिकटवायचा कॅलेंडरचा तुकडा, अ‍ॅक्सेस 2010 मध्येच काढून टाकला, तरी फॉर्म बनवणारे अजून तोच चिकटवतात. नव्या मशीनवर उघडला की एरर. अहो, 2007 पासून तारखेच्या चौकटीशेजारी कॅलेंडर आपसूक येतं. फील्ड (तारखेचा रकाना) डेट/टाईम प्रकारचं ठेवा आणि इनपुट मास्क (टाईप करायचा ठरलेला साचा) काढा, एवढंच! पण नाही. कुणी मास्क ठेवणारच, तर कुणी फील्डच टेक्स्ट, म्हणजे साधा मजकूर, ठेवणार. मग त्या टेक्स्टमध्ये कुणी 3/4 लिहितो, कुणी 03-एप्रिल, आणि तारखेनं क्रम लावला की, मजकूर म्हणून आधी पहिला आकडा बघितला जात असल्यानं, 10 तारीख 2 तारखेच्या आधी. यात शेतकऱ्याची हिशोबाची पट्टी अडते हो!