सायकलच्या ट्यूबमध्ये गॅस भरू नका: पंक्चरच्या त्या मेसेजला उत्तर

मंगळवारी संध्याकाळी भांडुपहून बहिणीचा फोन आला. "दादा, हा पोरगा सायकलचं चाक घेऊन स्वयंपाकघरात बसलाय. गॅसची नळी काढू दे म्हणतोय. तू बोल त्याच्याशी." मी त्याला फोनवर एवढंच सांगितलं, की चाक उचल, बाहेरच्या खोलीत ये आणि मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस. मुलुंडहून सायकलने निघालो. पाऊस नुकताच थांबला होता. भांडुपला पोचेपर्यंत डोक्यात दुसरं काही नव्हतं.

भाचा चौदा वर्षांचा आहे. हट्टी नाही, वाचून करून बघणारा आहे. त्याने वाचला तो त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरलेला मेसेज: "पंक्चरवाल्याला विसरा! सायकलचं पंक्चर काढण्याच्या ७ आधुनिक पद्धती." तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे त्या आठवड्यात तीन ठिकाणांहून आला. सात मुद्दे आहेत, पण मी चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

चौथा मुद्दा म्हणतो: "पंपाची गरज नाही. परदेशात सायकलवाले गॅसच भरतात. घरचा गॅस किंवा लायटर भरायचा कॅन वापरा, १० सेकंदांत चाक टणक." सोबत फोटो आहे. अंगठ्याएवढी चंदेरी नळकांडी आणि तिला लावलेलं छोटं नोझल.

फोटो खरा आहे. परदेशातच कशाला, रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हला येणाऱ्या कितीतरी जणांच्या खिशात ती नळकांडी असते. पण तिच्यातला गॅस कार्बन डायऑक्साइड असतो. नेहमीच्या नळकांडीत तो १६ ग्रॅम असतो आणि रेसिंग सायकलचं बारीक चाक एका दमात भरतो. हाच वायू आग विझवायच्या सिलिंडरमध्येही असतो. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे ब्युटेन आणि प्रोपेन. एक आग विझवतो, दुसरा पेट घेतो. मेसेज लिहिणाऱ्याने "गॅस" हा एक शब्द उचलला आणि दोन्ही एकाच पिशवीत घातले.

बरं, धोका क्षणभर बाजूला ठेवा. हे जमतं तरी का? घरच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर शेगडीला जो गॅस सोडतो, त्याचा दाब साधारण ३० मिलिबार असतो, म्हणजे अर्ध्या पीएसआयपेक्षाही (चाकातल्या हवेचा दाब याच मापात मोजतात) कमी. माणूस तोंडाने फुंकून याहून जास्त दाब देतो. भाच्याच्या गिअरवाल्या सायकलीला ४० ते ५० पीएसआय लागतात, बारीक चाकांना ८० ते १००. शेगडीच्या नळीने ट्यूब नुसती फुगूनही येणार नाही. लायटरच्या कॅनचं काय? शुद्ध ब्युटेन आपल्याकडच्या ३० अंशांच्या उकाड्यात फार तर २५-२६ पीएसआयपर्यंत जातो. त्यापुढे दाबलं की ट्यूबमध्येच तो पातळ होऊन द्रव बनतो. ज्याने हा मुद्दा लिहिला, त्याने तो एकदाही करून पाहिलेला नाही. न करता लिहिलं आणि हजारो घरांत पाठवलं.

आणि जमत नाही, हेच जास्त भयंकर आहे. शेगडीच्या नळीने चाक भरलं नाही की चौदा वर्षांचा मुलगा तिथेच थांबेल का? तो म्हणेल, रेग्युलेटर आडवा येतोय, तो काढू. आपल्याकडची स्वयंपाकघरं केवढी असतात, पावसाळ्यात खिडक्या कशा लावलेल्या असतात, हे मी सांगायला नको. हा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो वर जात नाही, जमिनीवर पसरतो, ओट्याखाली, फ्रिजमागे साचतो. हवेत साधारण २ टक्के मिसळला तरी पेटायला पुरतो, आणि फ्रिज चालू होतानाची किंवा दिव्याच्या बटणाची ठिणगी त्याला बस होते. वास आला तर बटणांना हात लावू नका, दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करून बाहेर या आणि १९०६ वर फोन करा. एलपीजी गळतीसाठीचा तो देशभरचा नंबर आहे.

समजा, कुणी हा गॅस ट्यूबमध्ये घातलाच. तो रबरात मुरतो आणि झिरपत राहतो. पुढे कधीतरी ते चाक रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जाईल. त्या माणसाच्या बाजूला गरम पंक्चरचं मशीन तापलेलं असतं, तोंडात विडी असते. तो व्हॉल्व्ह काढेल तेव्हा त्याच्या तोंडावर काय येतंय, हे त्याला माहीतही नसेल. त्याने कुणाचं काय वाकडं केलंय?

कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीबद्दल मात्र अर्धी गोष्ट मान्य करतो. रस्त्यात अडकलात तर ती फार कामाची आहे. पण हा वायू ट्यूबच्या रबरातून हवेपेक्षा कितीतरी लवकर निसटतो, दुसऱ्या दिवशी चाक बसलेलं दिसतं. म्हणून घरी आल्यावर तो सोडून पंपाने साधी हवा भरायची. भरताना नळकांडी एवढी गार पडते की उघड्या हाताने धरली तर कातडी चिकटते, हातात फडकं हवं. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही.

आता पहिला मुद्दा, कारण भाच्याने सुरुवात तिथूनच केली होती. "पॅच कालबाह्य. भोकावर इन्स्टंट ग्लूचे दोन थेंब, काम फत्ते." मी गेलो तेव्हा ती ट्यूब त्याच्या मांडीवर होती. भोकाभोवती रुपयाएवढा पांढरट डाग पडला होता, नखासारखा टणक. मी ट्यूब दोन्ही बाजूंनी जराशी ताणली तर त्या डागाला मधोमध तडा गेला आणि त्याची कड वर आली. असला गोंद सुकला की कडक होतो. ट्यूब फुगते, खड्ड्यात दबते, परत फुगते, दिवसभर तिचं हेच चालू असतं. कडक पापुद्रा त्यावर टिकणार कसा? त्याने तीनदा थेंब टाकले, तीनदा हवा गेली, आणि मग वैतागून तो चौथ्या मुद्द्याकडे वळला. एक चुकीचा सल्ला माणसाला दुसऱ्या, जास्त चुकीच्या सल्ल्याकडे ढकलतो, तो असा.

दुसरा मुद्दा: "सोल्यूशन ओलं असतानाच पॅच दाबा, म्हणजे घट्ट बसतो." हे नेमकं उलटं आहे आणि घरी काढलेली कितीतरी पंक्चरं याच एका चुकीने फसतात. अमेरिकेत शेल्डन ब्राऊन नावाचे सायकल मेकॅनिक होते, २००८ साली गेले. त्यांनी इंटरनेटवर लिहून ठेवलेली माहिती आजही जगभर सायकल दुरुस्त करणारे उघडून बघतात. पंक्चरवरच्या त्यांच्या लेखातही हेच आहे: सोल्यूशन पूर्ण सुकू द्या, मगच पॅच लावा. कारण सोपं आहे. सोल्यूशन म्हणजे पातळ द्रावकात विरघळवलेलं रबर. तो द्रावक उडून गेला की मागे राहतो तो रबराचा थर, आणि पॅचच्या खालचा थर त्याच्याशी जोडला जातो. ओल्यावर पॅच दाबला तर द्रावक आत कोंडतो, पॅच सरकतो, कडेने बुडबुडा धरतो. चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद दिसला आणि बोट टेकवल्यावर ओलं लागलं नाही, की पॅच लावायचा. पावसाळ्यात पाच मिनिटांच्या जागी दहा लागतील. लागू द्या. त्याआधी ट्यूब कोरडी पुसून काचपेपरने घासायची, पॅचपेक्षा मोठी जागा. ट्यूबवर साच्याची उभी रेघ असते, ती नेमकी तिथे आली तर घासून सपाट करायची, नाहीतर हवा त्या रेघेच्या कडेने वाट काढते.

आणि "कालबाह्य" म्हणताना निदान माहिती तरी घ्या. बेलफास्टला डनलपने हवेचा टायर १८८८ साली काढला. सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत, पंक्चर काढायचं म्हणजे टायर सोडवा, परत चिकटवा, रात्रभर सुकू द्या. १८९१ साली मिशेलिनने हाताने काढता-घालता येणारा टायर आणला, आणि तेव्हापासून ट्यूब बाहेर काढून पॅच लावणं हे सामान्य माणसाच्या हातातलं काम झालं. सव्वाशे वर्षं टिकलेली गोष्ट जुनी आहे म्हणून वाईट होत नाही.

पण मला सर्वात खटकलं ते मेसेजमध्ये जे नाहीच ते. सात मुद्दे आहेत ते भोक बुजवण्याचे, चाक भरण्याचे, पंक्चरवाल्याला नावं ठेवण्याचे. भोक पडलं कशाने, हे शोधा असं एकाही ठिकाणी नाही. भाच्याची ट्यूब मी बाजूला ठेवली आणि बहिणीकडून कापूस मागून घेतला. टायरच्या आतल्या बाजूने कापसाचा बोळा हळूहळू फिरवला. एका जागी तो अडकला, धागे ओढले गेले. बाहेरून पाहिलं तर काही दिसेना. टायर तिथे उलटा वाकवला तेव्हा चीर उघडली आणि आत हिरव्या बाटलीची काच दिसली, बडीशेपेच्या दाण्याएवढी. सेफ्टी पिनने ती उकरून काढली. पावसाळ्यात हे जास्त होतं, कारण ओल्या रबरात काच सहज घुसते. ही काच तशीच राहिली असती तर पॅच, गोंद, गॅस, काहीही करा, दोन किलोमीटरवर चाक पुन्हा बसलं असतं. ट्यूबवरचं भोक व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघून टायरवर तेवढ्याच अंतरावर शोधलं की वेळ वाचतो. आणि साध्या काळ्या सायकलीचं चाक बसलं असेल तर आधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच, आतली वालट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची छोटी रबरी नळी, कुजलीये.

तिसरा मुद्दा सीलंटचा, म्हणजे भोक आतून बुजवायला चाकात घालतात त्या पातळ रसाचा: "एकदा घातलं की आयुष्यभर पंक्चर नाही." बारीक काटा, तार यांनी पडलेलं भोक सीलंट खरंच बुजवतं, हे मानावं लागेल. आयुष्यभर मात्र नाही. ट्यूबलेस टायरमध्ये घालतात ते लॅटेक्सचं सीलंट काही महिन्यांत सुकतं, आपल्या उन्हात आणखी लवकर, आणि पुन्हा घालावं लागतं. काचेने पडलेली लांब चीर त्याने बंद होत नाही. आणि साध्या ट्यूबमध्ये ते घातल्यावर पुढे पॅच लावायची वेळ आली, तर भोकातून तो चिकट रस येत राहतो आणि सोल्यूशन धरत नाही.

पाचवा, हवेऐवजी नायट्रोजन भरणे: आपण पंपाने भरतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. सायकलीसाठी वेगळे पैसे घालवू नका. सहावा, कुठल्याही रिमला सेलोटेप लावून ट्यूबलेस करणे: ट्यूबलेस चांगलं आहे, पण त्याला तशी रिम, तसा टायर आणि त्यासाठीचीच टेप लागते. सेलोटेप स्पोकच्या भोकांवर दाबाने फाटते. संपलं.

सातवा मुद्दा वाचून वाईट वाटलं. "पंक्चरवाले मुद्दाम जास्तीची भोकं पाडतात, एकाची दोन दाखवून पैसे घेतात." असं कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. मलाही एकदा एकाने चार दाखवली होती आणि मला ती खरी वाटली नव्हती. पण दोन भोकं म्हणजे फसवणूक, हे धरून चालू नका. चाकात हवा कमी असताना खड्ड्याच्या काठावर किंवा उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकवर आदळलं, की ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चेंगरते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. मुंबईत हे रोजचं आहे. शंका असेल तर घमेल्याशेजारी उभे राहा. ट्यूब पाण्यात बुडवल्यावर जेवढ्या जागी बुडबुडे, तेवढी भोकं. चांगला पंक्चरवाला स्वतःहून दाखवतो. पहाटे पेपर टाकणारी मुलं, दूधवाले, डबेवाले, या सगळ्यांच्या सायकली त्यांच्याच जिवावर चालतात. त्यांना "विसरा" म्हणणाऱ्याची सायकल पावसात भर रस्त्यात बसली नसावी.

त्या रात्री बहिणीच्या परातीत पाणी घेऊन भाच्यानेच पंक्चर काढलं. गोंदाचा पापुद्रा खरवडला, घासलं, सोल्यूशन लावलं. दोन मिनिटांनी त्याने विचारलं, "मामा, लावू?" मी नाही म्हटलं. तीनदा विचारलं, तीनदा थांबवलं. नंतर त्याने पॅच ठेवला आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेला दाबत नेला. चौथ्या दिवशी फोन करून सांगितलं, अंगठ्याने दाबलं तरी चाक दबत नाहीये.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या काकांशीही बोललो. ते घाबरले, लगेच काढून टाकला. पण तोवर तो बहिणीच्या ऑफिसात, भाच्याच्या क्लासच्या पालकांत आणि गावाकडच्या ग्रुपवर गेला होता. काकांच्या हातात आता काही नाही. ज्यांच्याकडे तो आला असेल, त्यांनी त्याच ग्रुपवर निदान चौथ्या मुद्द्याचं हे उत्तर आज टाका. घरात सायकल चालवणारं मूल असेल, तर त्याला बाजूला बसवून वाचून दाखवा.